सांख्यिकीचा पेपर आणि शेवटचा चेंडू

शारजातल्या अल मजाज भागात सबनीसांच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर एक खिळा मोकळा होता. तिथे मुलाच्या, कैवल्यच्या, पदवीची फ्रेम लागायची होती. सांख्यिकी या एकाच विषयाने ती दोन वेळा अडवून धरली होती. पाहुण्यांची नजर खिळ्यावर जाऊ नये म्हणून त्याची आई विभावरी त्यांना समोरच्या खुर्च्यांवर न बसवता सोफ्यावर, खिळ्याकडे पाठ करून बसवायची.

तिसऱ्या खेपेला पोरगं निघालंच असतं, कारण या वेळी ते खरोखर अभ्यासाला बसलं होतं. पण नेमक्या त्याच सत्रात कॉलेजांच्या क्रिकेट लीगचे हक्क एका चॅनलने घेतले, आणि कैवल्य सलामीचा फलंदाज. चॅनलचे प्रेक्षक भारतात. तिकडे लोक ताट घेऊन टीव्हीसमोर बसतात ती वेळ धरून इकडे सामने लागले. त्या वेळी सांख्यिकीचा तास असे, म्हणून तास सकाळी नेला. सकाळी सराव असे, म्हणून प्राध्यापक नूरुद्दीन टीमच्या बसमध्येच शिकवू लागले. शारजा ते जबल अलीजवळचं मैदान एवढ्या ट्रॅफिकमध्ये सरासरी आणि मध्यक सहज उरकायचे. विद्यापीठाने या प्रकाराला 'गतिमान अध्यापन' असं नाव देऊन त्याची गुणवत्ता पुरस्कारासाठी शिफारस केली.

मग परीक्षा आणि अंतिम सामना एकाच दिवशी आले. विभावरी तावातावाने कॉलेजात गेली. तिथे 'अध्ययन-प्रसारण समन्वय कक्ष' नावाचा नवा कक्ष उघडला होता आणि त्यात शैलेंद्र नावाचे पुण्याचे गृहस्थ प्रमुख म्हणून बसले होते. त्यांनी तिला शांतपणे चहा दिला.

"मॅडम, परीक्षा पोस्टपोन केली तर शिक्षणाचा अपमान होतो, आणि मॅच पोस्टपोन केली तर ॲग्रीमेंटचा. युनिव्हर्सिटीला दोन्ही मान्य नाही. सो, पेपर मैदानावरच. ड्रिंक्स ब्रेकला दोन प्रश्न, विकेट पडली की एक."

"आणि तो स्वतःच लवकर आउट झाला तर?"

"मग निवांत बसून सोडवेल. पण इन्शाल्ला तसं होणार नाही."

पोटच्या पोराने शून्यावर बाद व्हावं म्हणून विभावरीने त्या दिवशी पहिल्यांदा गणपतीला हात जोडले. नवऱ्याला, गुणवंतला, हे तिने सांगितलं नाही. तो जबल अलीतल्या गोदामात सुपरवायझर होता आणि दोन आठवडे कंपनीच्या बसमध्ये मुलाशिवाय दुसरा विषय काढत नव्हता.

सामन्याआधी सीमारेषेवर ती रिवाजाप्रमाणे कैवल्यच्या हातावर दही-साखर ठेवायला गेली. चॅनलवाल्यांना ते फारच आवडलं. दही-साखर प्रायोजित झाली. उजेड नीट नाही म्हणून एकदा, आईचे डोळे कोरडे म्हणून एकदा आणि वाटीवरचं कंपनीचं नाव दिसलं नाही म्हणून पुन्हा, असं करता करता पोराने अर्धा किलो दही रिचवलं. "आई, नो मोअर, प्लीज," म्हणत तो फलंदाजीला गेला.

गणपतीने ऐकलं नाही. कैवल्य टिकला आणि फटके मारत सुटला. ब्रेक झाला की ग्लव्हज काढून तो खुर्चीत बसे आणि पेपर सोडवी. समालोचकांनी त्याचीही जबाबदारी घेतली. प्रमाण विचलनाला तो जरा घाईने गेला, असं एक म्हणाला. कैवल्यने खोडलेली ओळ चार कोनांतून संथ गतीने दाखवली. एक उत्तर नूरुद्दीनसरांनी बरोबर ठरवलं, पण त्या वेळी जाहिरात चालू असल्याने ते ग्राह्य धरता आलं नाही. तरीही पोराची पेन्सिल थांबत नव्हती. विभावरीला सगळं दिसत होतं, आणि तिचा ऊर खरोखर भरून आला.

शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या, समोर कैवल्य, आणि नेमकं तेव्हाच चॅनलने विश्रांती घेतली. पडद्यावर मतदान आलं: 'कैवल्य पुढच्या मोसमातही खेळताना दिसावा का?' प्रेक्षकांचा कौल परीक्षेच्या निकालात बंधनकारक राहील, असं शैलेंद्र माइकवरून म्हणाले. विभावरीने एवढंच ऐकलं आणि घाईघाईने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, आपल्या कैवल्यला भरघोस मतं द्या. गुणवंतने सगळं गोदाम कामाला लावलं. कोल्हापूरच्या आत्यांनी शेजाऱ्यांचे फोनही वापरले. विभावरीने स्वतः 'होय' दाबलं.

सामना संपल्यावर शैलेंद्र पेढे घेऊनच आले.

"अभिनंदन, मॅडम. रेकॉर्ड व्होटिंग. विरोधात फक्त एक मत."

"म्हणजे पास झाला ना?"

"पास झाला तर खेळेल कसा? लीग स्टुडंट्सची आहे. पेपर फर्स्ट क्लास लिहिलाय त्याने, नूरुद्दीनसर स्वतः म्हणाले. पण लोकांनी एवढ्या प्रेमाने कौल दिल्यावर युनिव्हर्सिटी त्याला पास करू शकत नाही. खलास."

गाडीत विभावरी रडत होती. गुणवंत मात्र त्या एका विरोधी मतावर घसरला होता. कोण असेल तो नालायक, आपल्याच मंडळातला असणार, त्याला शोधून काढायला हवं, असं त्याचं चाललं होतं. मागच्या सीटवर कैवल्य पॅड न काढताच बसला होता.

"इट वॉज मी, बाबा," तो म्हणाला.



आठवड्याने चॅनलकडून फोटो आला: विभावरी, वाटी, दही, वाटीवर कंपनीचं नाव. फ्रेम त्या खिळ्यावर अगदी बरोबर बसली. आता पाहुण्यांना समोरच्या खुर्च्यांवर बसवतात. ते सगळे शेवटच्या चेंडूचं विचारतात. पेपरचं अजून एकानेही विचारलेलं नाही.

शेवटच्या चेंडूवर काय झालं, ते इथेही सांगितलेलं नाही. मघापासून तुम्हाला त्याचीच चुटपुट लागली असेल, तर तुमचंही मत 'होय'मध्ये धरलं आहे.