भिंत दिसणारी खोली

यंदा मेहुण्यांकडे उतरायचं नाही, असं हेडक्लार्कांनी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

एरवी शहरात काही काम निघालं की नवरा-बायको थेट बायकोच्या दादाकडे जात. स्टेशनवर गाडी घेऊन दादा हजर, बॅगा उचलायला दादा, रस्ता दाखवायला दादा, आणि परत निघताना "सांभाळून जा हं, जावईबापू" म्हणत पाठ थोपटणाराही दादाच. पाणीपट्टी खात्यात ज्यांच्या सहीशिवाय नळाला पाणी येत नाही (असं त्यांचं मत, पाणी तसंही येत नाही), त्या माणसाला हे थोपटणं फार लागे.

या खेपेला काम बायकोचं होतं. ती शाळेत शिकवायची. सगळं गाव तिला बाई म्हणे, म्हणून घरातही तेच नाव पडलं होतं. एका मोठ्या शाळेने मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी बाईंना मुलाखतीला बोलावलं होतं. अशी संधी पूर्वी एकदा आली होती. तेव्हा समोर बसलेल्यांचे गंभीर चेहरे पाहून बाईंची बोबडी वळली होती आणि त्या स्वतःच्या शाळेचं नाव विसरल्या होत्या. त्यामुळे या वेळी त्यांना शांत झोप आणि शांत सकाळ मिळायला हवी, हे हेडक्लार्कांनी मनावर घेतलं. स्टेशनजवळच्या नारिंगी पाटीच्या हॉटेलात त्यांनी खोली घेतली. या कंपनीची हॉटेलं गावोगावी. सगळीकडे त्याच खोल्या, तेच पडदे, त्याच उशा. "कुठेही उतरा, आपलंच वाटेल," अशी त्यांची जाहिरात होती.

खोली मिळाली दोनशे बारा नंबरची. बाईंनी पडदा सारला, तर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत.

"अहो, खिडकीत भिंत आहे."

"भिंत म्हणजे शांतता," हेडक्लार्क म्हणाले. "तुझ्या दादाकडे आहे का अशी भिंत?"

सकाळपर्यंत खरोखरच शांतता होती. मग हेडक्लार्क बुटाची नाडी बांधायला पलंगावर बसले, ते नेमके बाईंच्या चष्म्यावर. चष्म्याची एक दांडी निखळून हातात आली.

बाई चष्म्याशिवाय समोरचा माणूस आणि समोरचं कपाट यांत फरक करू शकत नसत. त्या एकदम रडकुंडीला आल्या. "दादाकडे उतरले असते तर हे झालं नसतं!"

"दादा कधी चष्म्यावर बसत नाही वाटतं?"

"नाही बसत! तो बघून बसतो!"

"मुलाखत दुपारी आहे, मी आत्ता दुरुस्त करून आणतो," असं म्हणून हेडक्लार्क चष्मा घेऊन तावातावाने बाहेर पडले. (मोबाइल चार्जिंगलाच राहिला. माणूस तावात असला की तो एकटाच बाहेर पडतो.)

हॉटेलसमोरचं चष्म्याचं दुकान बंद होतं. पानवाल्याने सांगितलं, स्टेशनच्या पलीकडे एक आहे. हेडक्लार्क पुलावरून पलीकडे गेले, दुकान सापडलं, दुकानदाराने बऱ्याच वेळाने नवा स्क्रू बसवला, काचाही पुसून दिल्या. बाहेर येऊन पाहतात तर समोरच नारिंगी पाटी!

"अरेच्चा, हे तर इथेच आलं," ते स्वतःशी म्हणाले. "उगाच पूल चढलो." आपल्या दिशाज्ञानाचं त्यांना कौतुकच वाटलं.

वाचकहो, आता लपवण्यात अर्थ नाही. त्या कंपनीचं स्टेशनच्या दोन्ही बाजूंना एकेक हॉटेल होतं. पण हे आपल्याला ठाऊक. हेडक्लार्क कधीच लिफ्टमध्ये शिरले होते.

दोनशे बाराचं दार कार्डाने उघडेना. "बाई, उघड ना. चष्मा आणलाय. माझं चुकलं." आतून आवाज नाही. "अगं, चुकलं म्हणतोय ना!" समोरच्या खोलीतल्या एका गृहस्थांनी दार उघडून सहानुभूतीने पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

ते खाली काउंटरवर गेले. तिथली मुलगी नुकतीच कामाला लागली होती आणि मदत करण्याच्या उत्साहात होती. तिने नाव विचारलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. त्यात कंपनीच्या सगळ्या हॉटेलांतली बुकिंगं दिसत, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"हो सर, आहे की! दोघांचं बुकिंग, दोनशे बारा. कार्ड खराब झालं असेल, नवं देते."

नव्या कार्डाने दार उघडलं. खोली रिकामी. बाई नाहीत, बॅगा नाहीत, चार्जरसकट मोबाइल नाही. आणि पलंगावरची चादर अशी घातलेली, की एक सुरकुती नाही. ती चादर पाहून हेडक्लार्क दारातच थबकले. बाईंची सवयच तशी. दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हासुद्धा त्या पलंग आवरून निघाल्या होत्या. म्हणजे बाईच आवरून गेल्या. दादाकडे.

ते पलंगाच्या कडेला बसले (या वेळी बघून). इतक्या वर्षांच्या संसारात ती कधी अशी निघून गेली नव्हती. आज तिच्या आयुष्यातला मोठा दिवस, आणि आपण तिचे डोळेच घेऊन फिरतोय! त्यांना भरून आलं. डोळे लपवायला ते खिडकीशी गेले आणि पडदा सारला. समोर स्टेशनचं सुरेख घड्याळ, झाडं, मोकळं आकाश.

"आणि म्हणे भिंत," ते हुंदका आवरत म्हणाले. "चांगलं बघायची सवयच नाही तिला."

आता फोन करणं भाग होतं. बाईंचा नंबर मोबाइलमध्ये होता. पाठ असलेला नंबर जगात एकच, कारण अडचण आली की वर्षानुवर्षं तोच फिरवला होता. काउंटरवरून त्यांनी तो लावला.

"दादा, ती पोचली का तुमच्याकडे?"

"कोण?"

"तुमची बहीण! मला सोडून गेली हो!"

"जावईबापू, तिचाच फोन येऊन गेला आत्ता. म्हणते, हे चष्मा घेऊन गेले ते आलेच नाहीत. तिला न्यायलाच गाडी घेऊन निघालोय, हॉटेलपाशी आलोच."

"मी खोलीतच होतो! तीच नाही खोलीत!"

"ती म्हणते, मी खोलीतच आहे, हेच नाहीत."

मग दादांनी हळूच विचारलं, "खिडकीतून काय दिसतं तुम्हाला?"

"स्टेशनचं घड्याळ."

"तिला भिंत दिसतेय."

हेडक्लार्कांनी रिसीव्हर हातात तसाच धरून काउंटरवरच्या मुलीकडे पाहिलं. तिनेही कॉम्प्युटरकडे पुन्हा पाहिलं, आणि दोघांचे चेहरे एकाच वेळी पडले.

घड्याळ आता चांगलंच पुढे सरकलं होतं. हेडक्लार्क पुलावरून धावले, तेही येणाऱ्या गर्दीच्या उलट. खऱ्या दोनशे बारात पोचले तेव्हा खोली रिकामी होती आणि चादर नीट घातलेली. मुलाखतीची वेळ झाली म्हणून दादा बाईंना गाडीतून घेऊन गेले होते. रिक्षा करून हेडक्लार्क शाळेत पोचले, तर शिपायाने दारातच अडवलं. मुलाखत सुरू झाली होती. बाई आत, चष्मा बाहेर. बाकावर दादा बसले होते. ते थोडे सरकले आणि त्यांनी जागा करून दिली. हेडक्लार्कांना वाटलं, यापेक्षा पाठ थोपटली असती तर बरं.

बऱ्याच वेळाने बाई भिंतीला हात लावत बाहेर आल्या. हेडक्लार्कांनी उठून चष्मा स्वतः त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

"माझं चुकलं गं. सगळं घालवलं मी."

"काही घालवलं नाही," बाई हसल्या. "मला एकाचाही चेहरा दिसत नव्हता. घाबरणार कोणाला? घडाघडा बोलले. घेतलंय त्यांनी मला."

हेडक्लार्कांची छाती फुगली. "म्हणजे तसं पाहिलं तर माझ्यामुळेच!"

"तुमच्यामुळेच. शेवटी त्यांनी विचारलं, सहलीत एखादा मुलगा हरवला तर काय कराल? मी म्हटलं, आज सकाळीच हरवला होता. रागवायचं नाही. तो आपल्या मते बरोबर जागीच उभा असतो. त्याला फक्त विचारायचं, तुला समोर काय दिसतं? फार आवडलं त्यांना."

"अरे वा! मग?"

"मग त्यांनी विचारलं, कितवीत आहे हा मुलगा?"

"तू काय सांगितलंस?"

"चौथीत," बाई त्यांचा हात घट्ट धरत म्हणाल्या. "आणि म्हटलं, मनाने फार चांगला आहे, पण यंदाही वरच्या वर्गात घालता येईल असं वाटत नाही."