बिनचेंडूचा टोला

आमच्या शेजारचे ज्ञानू हवालदार रोज सकाळी खळ्यावर उभे राहून नसलेला चेंडू मारायचे. हातात लोखंडी बोंडाची गोल्फची काठी, अंगात पलटणीचा स्वेटर आणि पायांपुढे उसाचं एक वाळकं पान. काठी खांद्यामागं जायची, कंबर वळायची, सूं असा आवाज व्हायचा आणि पान तिथल्या तिथं उलटं पडायचं. डोकं मात्र तसूभर हलायचं नाही.

आमच्या रहिमतपूरच्या बाजूला गोल्फचं मैदान औषधालाही नव्हतं. हवालदारांनी अठरा वर्षं पलटणीतल्या साहेबलोकांमागे काठ्यांची पिशवी वाहिली होती. पेन्शनीत येताना एक जुनी काठी आणि एक चेंडू तेवढा घेऊन आले. खेळ त्यांनी नुसता बघून उचललेला.

मला त्यांचा हेवा वाटायचा, उगीच आडपडदा कशाला. मी शाळेत कवायत शिकवणारा मास्तर. शरीरावरचा ताबा म्हणजे माझा विषय. दोनशे पोरं माझ्या शिट्टीवर वळायची, पण ती कवायत बघायला माझे वडील, अण्णा, कधी फिरकले नाहीत. तेच अण्णा रोज चहाची कपबशी घेऊन ओट्यावर बसायचे आणि हवालदारांकडे टक लावायचे. वर मलाच ऐकवायचे, "कमरंवर लय ताबा हाय गड्याचा." मी कधी त्यांच्यासमोर वाकून पायाचे अंगठे धरले, तर काय हरवलंय म्हणून विचारायचे.

ऊसतोडीचे गडीसुद्धा हवालदारांकडे जायला लागले. त्यांचं सगळ्यांना एकच औषध: "आदी कंबर, मागनं हात. नुसत्या हातानं जोर लावशील तर फसशील." त्यानं म्हणे गड्यांची पाठदुखी गेली. पोटात दुखत होतं ते फक्त माझ्या.

आणीबाणीच्या वर्षी मी त्यांना एकदा पारावर चारचौघांत गाठलं. एवढा ताबा आहे, तर खरा चेंडू का मारत नाही, असं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "बगाया मानूस न्हाई, गुरुजी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. चेंडू गेला तरी मारणाऱ्यानं मान खालीच ठेवायची. मान उचलायची घाई केली की टोला वाया गेलाच. चेंडू कुठं पडला ते मागच्या माणसानं बघायचं, आणि हवालदारांनी अठरा वर्षं तेच केलं होतं. टोला नीट बसला तर हाताला कळतही नाही, चुकला तर कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, असंही ते साहेबांकडून ऐकलेलं सांगत होते.

मी बघतो, मी लगेच म्हणालो. मला त्यांची फजिती बघायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ओढ्याकाठच्या पडीक रानात गेलो. घरी गेल्यावर अण्णांना काय सांगायचं, ते मी वाटेतच जुळवून ठेवलं होतं. हवालदारांनी जुन्या फौजी मोज्यातून चेंडू काढला, धोतराला पुसला आणि मातीवर ठेवला. मग उचलून दोनदा जागा बदलली. इतक्या वर्षांत त्यांना असं चाचपडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

काठी फिरली. खट्ट आवाज झाला. चेंडू डावीकडे तिरका गेला आणि वीसेक पावलांवर घाणेरीच्या झुडपात घुसला.

हवालदारांची मान खालीच होती. मातीकडे बघतच त्यांनी विचारलं, "कुटं पडला, गुरुजी?"

जुळवून ठेवलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. पण त्या वाकलेल्या मानेकडे बघून मला माझीच लाज वाटली.

"ओढ्यापलीकडं," मी म्हणालो. "अगदी सरळ."

काठी काखेत धरून ते झिणझिण्या आलेले तळवे एकमेकांवर चोळत होते.

"सायबास्नी मीबी असंच सांगायचो," ते हळूच म्हणाले. "मला सांगनारं कुनी न्हवतं."

मग आम्ही दोघं ओढा उतरून पलीकडं गेलो आणि ऊन चढेपर्यंत तिथं चेंडू शोधत राहिलो.