चावी दिल्लीला, कुलूप तरवड्याला

वेणूबाईने रिकामा हंडा ओट्यावर असा आपटला, की आत दाढी करत बसलेल्या शिवदासचा वस्तरा गालावरच थबकला.

"पोर पयल्या बाळंतपनाला म्हायेरी आणली, ती काय पटकीचं पाणी पाजायला?" ती म्हणाली. "पल्याडच्या वाडीत चौघं आडवी झाल्यात. आपल्या विहिरीत औषध कवा पडनार हाय?"

"औषध गावात हाय की," शिवदास म्हणाला.

"कुटं?"

"पंचायतीच्या खोलीत."

"मंग काडा!"

"खोलीला कुलूप हाय."

"चावी?"

शिवदासने वस्तरा पुन्हा चालू केला. चावी कुठे आहे हे साऱ्या तरवड्याला ठाऊक होते. वेणूबाईलाही होते, पण तिला ते नवऱ्याच्या तोंडून ऐकायचे होते.

"दिल्लीला," तो हळूच म्हणाला.

काशीद आणि मुरूडच्या मधले तरवडे हे कोळ्यांचे लहानसे गाव. पण पाणी जसे खाडीत शिरते तसे राजकारणही शिरतेच. त्या वर्षी पौषात, मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही अशी बातमी रेडिओवर आली आणि गाव पेटून उठले. देवळापुढे सभा झाली. सरपंच शिवदास उभा राहिला आणि त्याने पंचायतीचा राजीनामा जाहीर केला. टाळ्या थांबेनात. टाळ्यांनी माणसाला काय चढते ते चढले, आणि त्याने कमरेची पंचायतीची चावी काढून हात उंच केला. "ही पन घ्या म्हनावं! जिथं आमचं ऐकत न्हाय तिथं आमची चावी तरी कशाला?" दुसऱ्या दिवशी चावीला हळदकुंकू वाहून ती राजीनाम्यासकट रजिस्टर पोस्टाने दिल्लीला रवाना झाली. खोलीत काय काय आहे, हे विचारण्याचे त्या गर्दीत कुणालाच सुचले नाही. आत, गेल्या पावसाळ्यात आलेला आणि कुणी न उघडलेला, विहिरीत टाकायच्या पावडरचा भला मोठा डबा होता.

सगळ्या सभासदांनी शिवदासच्या मागोमाग राजीनामे दिले. एकाने दिला नाही. तो अंबाजी. ज्या झेंड्यासाठी बेचाळीस साली विसापूरचा तुरुंग पाहिला, तो एका सभेत खाली ठेवायचा नाही, असे त्याचे म्हणणे. तेही खोटे नव्हते. पंचाईत एवढीच, की अंबाजी हा शिवदासचा व्याही. पोटुशी रतन शिवदासची लेक आणि अंबाजीची सून. येणारे नातवंड दोघांचे.

पौषापासून व्याही एकमेकांशी बोलत नव्हते. मात्र देवळात कीर्तन असले की अंबाजी मृदंगावर आणि शिवदास झांजेवर, ही बैठक बापजाद्यांपासूनची. ती मोडायची छाती दोघांनाही नव्हती. मृदंगाने विचारायचे, झांजेने उत्तर द्यायचे, आणि कीर्तन संपले की दोघांनी दोन वाटांनी घरी जायचे. गावात व्याह्याला याही म्हणत. लोक म्हणायचे, हे याही बोलतात खरे, पण तालात.

पटकीची बातमी आली तशी लोकल बोर्डाचे सॅनिटरी इन्स्पेक्टर छत्री सावरत आले. सगळ्यांच्या दंडात सुया टोचून झाल्यावर ते म्हणाले, "आता विहिरीत पावडर टाका. तुमच्याकडे डबा आहे."

त्यांना कुलपाची हकिगत सांगितली.

"मग तोडा की कुलूप!"

"कुलूप तुटलं म्हंजे राजीनामा तुटला," शिवदास म्हणाला. "आमीच आमची पंचायत उगडली तर दिल्लीत हसू व्हईल आमचं."

इन्स्पेक्टर अंबाजीकडे वळले. "तुम्ही तर अजून सभासद आहात. तुम्ही तोडा."

"मी एकटा. कोरम न्हाय." अंबाजीने टोपी सारखी केली. "आनि सरकारी कुलूप हाय. जो हात लावील त्याला मी फौजदारापुढं उबा करीन, मंग तो सोयरा का असंना."

"अहो, पटकीला कोरम लागत नाही!"

"पंचायतीला लागतो."

"मला दुसरा डबा देता येणार नाही. ज्या गावांकडे नव्हते त्यांना वाटून संपले. तुमच्याकडे आहे अशी नोंद आहे, म्हणून तुम्हाला नाही." एवढे बोलून इन्स्पेक्टर पुढच्या गावाला निघाले. वेशीपर्यंत ते डोके हलवत होते.

गोड्या पाण्याची विहीर गावात एकच, देवळाच्या मागे. वेणूबाईने पाणी उकळायचा सपाटा लावला. सुकट वाळवायच्या मांडवाचे जुने वासे चुलीत गेले. रतनला उकळलेले पाणी घशाखाली उतरेना. "आये, राखेवानी लागतं ग," म्हणायची, आणि आईची पाठ फिरली की माठाकडे बघायची. वेणूबाईने माठावर पाटा ठेवला. तिकडे अंबाजी रोज दिवेलागणीला व्याह्याच्या दारावरून जायचा, थांबायचा, आत न बघता वेणूबाईला विचारायचा, "ईनबाय, सून कशी हाय?"

"तुमच्या कुलपाच्या किरपेनं अजून बरी हाय," वेणूबाई म्हणायची. आणि आतून शिवदास खाकरायचा.

अशातच रामाचे नवरात्र आले. कीर्तनाला चौलहून नीळकंठबुवा आले. बुवांचा आवाज असा, की "रामा" म्हणून हाक घातली तर नांगरलेल्या होडीतल्या माणसानेही टोपी काढावी. पण बुवांचाही प्राण त्या विहिरीला बांधलेला. ज्या घरी उतरले तिथे यजमानीण पाण्याचा तांब्या पुढे करी आणि बुवा हात जोडत. तीन दिवस ते शहाळ्यांवर होते. चौथ्या दिवशी त्यांनी सगळी हकिगत विचारून घेतली आणि म्हणाले, "आज लक्ष्मणशक्तीचं आख्यान लावू."

भरतीची वेळ सांभाळून तरवड्यात कीर्तन तिसऱ्या प्रहरी असे. मंडप भरला. पूर्वरंग झाला, बुवांच्या गळ्यात हार पडला, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागला. उत्तररंगात लक्ष्मणाला शक्ती लागली आणि बायकांचे पदर डोळ्यांना गेले. वैद्यबुवांनी औषधी सांगितली. मारुतिराय उडाले. अंबाजीच्या मृदंगाने समुद्र ओलांडला, शिवदासच्या झांजेने वाऱ्याचा सूं सूं केला.

"पोचले डोंगरावर!" बुवा म्हणाले. "आणि बघतात तो काय, कुठली औषधी हेच कळेना! इकडे रामरायाच्या मांडीवर भाऊ निपचित. मग काय केलं मारुतिरायाने? सभा भरवली? कोरम मोजला? हा डोंगर कुणाच्या हद्दीत येतो म्हणून वर लिहून विचारलं?"

मंडपात कुणी तरी फिसकन हसले. मृदंग आणि झांज एकाच वेळी थोडी चुकली.

"नाही रे बाबांनो! औषध सापडत नाही ना? मग त्याने उचलला! अख्खा डोंगर उचलला!"

बुवांना वाटले, आता गजर होईल. गजर झाला, पण निराळा. पहिल्या रांगेतला चंदर तांडेल, मचव्यावर ज्याच्या शब्दाशिवाय दोर हलत नाही तो, ताडकन उभा राहिला. "उचला रं!" तो ओरडला. "कुलपाला कुनी हात लावायचा न्हाय! मारुतीनं कंचं कुलूप उगडलं? वरून उचला!"

आणि बघता बघता मंडप रिकामा झाला. बुवा एका तळहातावर अदृश्य डोंगर तोलून तसेच उभे राहिले.

पंचायतीची खोली देवळाच्या धर्मशाळेला लागूनच. शिडी आली, दोर आला. चंदर आणि त्याचे खलाशी छपरावर चढले आणि कौले एकेक करून खाली हातोहात आली, फुटले एकही नाही. अंबाजी धावत आला तो ओरडतच. "आत सरकारी सामान हाय! मी असल्याबिगर कुनी उतरायचं न्हाय!" शिडी आत सोडून तो खोलीत उतरला. ते पाहून शिवदासला राहवेना. मोकळी खुर्ची आणि आत एकटा अंबाजी! "माज्या खुर्चीत बसाल तर याद राखा!" म्हणत तोही उतरला. पौषापासूनचे ते पहिले वाक्य.

डब्याला दोर बांधला. वर खलाशांनी "हैया हो" केले आणि डबा जाळ्यातल्या घोळमाशासारखा झोके घेत वर गेला. अंबाजी म्हणाला, "सावकास, सरकारी हाय." शिवदास म्हणाला, "सावकास, लोकांचा हाय." डबा बाहेर उतरला. पण तो हातांनी नेण्यासारखा नव्हता. चंदरने चटकन शिडी वर ओढून घेतली, डबा तिच्यावर आडवा बांधला, चौघांनी ती खांद्यावर घेतली, आणि रामनामाचा गजर करत सारे गाव विहिरीकडे गेले. इन्स्पेक्टरांनी सांगितल्या मापाने पावडर पडली. तिचा उग्र वास आला तेव्हा लोकांनी तो उदबत्तीसारखा छाती भरून घेतला.

मग चंदर एकदम म्हणाला, "अरं, बुवा डोंगर घेऊन उबं हायत!" तशी सगळी पुन्हा मंडपाकडे पळाली. शिडी विहिरीपाशी राहिली. व्याही खोलीत राहिले.

दोघांना ते कळायला थोडा वेळ लागला. कारण दोघेही एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

"शिडी?" अंबाजीने भिंतीला विचारले.

"न्हाय," शिवदासने दुसऱ्या भिंतीला सांगितले.

दोघांनी हाका मारल्या. पण मंडपात कीर्तन पुन्हा रंगले होते, आणि कीर्तनातून आरतीआधी उठायचे नाही हा तरवड्याचा नेम. तो एकदा मोडून झाला होता. आता मारुतीने बोलावले तरी कुणी उठले नसते. बुवांनी साथीदारांना शोधले, तेव्हा लोक म्हणाले, "गेलं असतील रुसून, दोन दिशांना." मृदंगावर दादू बसला. झांज चंदरने उचलली.

आणि तिथून खरा छळ सुरू झाला. चंदरला वारा कळे, माशाची वाट कळे, ताल कळत नसे. मारुतिराय डोंगर घेऊन निघाले, आणि झांज अशी वाजू लागली की डोंगर आता पडतो की मग पडतो.

"अरं मेल्या, थांब!" शिवदासने कानांवर हात ठेवले. "समेला तरी ये!"

"दादूचा हात बगा," अंबाजी कळवळला. "पीठ मळतोय."

दोघांनी थोडा वेळ सोसले. मग अंबाजीने टेबल पुढे ओढले आणि बोटांनी त्यावर ठेका धरला. अगदी हळू. शिवदासने तो दोन आवर्तने ऐकला. तिसऱ्याला त्याच्या हातांनी आपसूक टाळी दिली. टेबलाने विचारले, टाळीने उत्तर दिले. मोकळ्या छपरातून चैत्राचे निळे आभाळ आत डोकावत होते, आणि खाली गावची राजीनामा दिलेली पंचायत डोळे मिटून लक्ष्मणाला शुद्धीवर आणत होती.

त्याच वेळी वेणूबाई नवऱ्याला शोधत आली. मंडपात बेताल ऐकून ती समजली, की नवरा तिथे नाही. पुढे आली तो कुलूपबंद खोलीतून चोख ताल ऐकू आला.

तिने दारावर थाप मारली. "आत कोन हाय?"

"आमी," दोघे म्हणाले.

"आमी कोन? पंचायत काय?"

"पंचायत कशाची? राजीनामा दिलाय," शिवदास म्हणाला.

"मंग ऱ्हावा तितंच. सांगाय आले, रतनला कळा लागल्यात. सुईण आलीय. ताजं पाणी वडून चुलीवर चडवलंय."

आत एकदम गडबड झाली. टेबल आपटले.

"अगो, कोयता आन! तोड कुलूप!" शिवदास ओरडला.

"आनि राजीनामा तुटला म्हंजे? दिल्लीत हसू व्हईल आपलं."

"ईनबाय, मी सांगतो, मेंबर हाय मी!" अंबाजी म्हणाला. "तोडा!"

"एकल्या मेंबराचं चालत न्हाय, याही. कोरम पायजे. आनि फौजदाराफुडं मला उबं करनार कोन, तुमीच ना?"

"ईनबाय, पाया पडतो!"

"दिसत न्हाय मला. दार बंद हाय."

 मग शिवदासचा आवाज आला, "याही, तुमी ही कडी धरा." पाठोपाठ अंबाजीचा, "धरली. मी म्हनलो की वडा." आणि जाळे ओढताना घालतात तशी आरोळी आली, "हैया हो!"

दुसऱ्या आरोळीची गरजच पडली नाही. खाऱ्या हवेने चौकट कधीच भुसभुशीत झाली होती. कोयंडा मुळासकट उपटून आला, दार धाडकन उघडले, आणि दोन्ही व्याही एकमेकांच्या अंगावर उताणे पडले.

वेणूबाईने कमरेवर हात ठेवले. "येवढंच व्हतं? अवं, मंग हे आदीच एका झटक्यात केलं अस्तं तर?"

अंबाजी उठला, त्याने शिवदासला हात देऊन उठवले, आणि दोघे धोतर सावरत घराच्या दिशेने धावत सुटले. धावता धावताच अंबाजीने मागे वळून उत्तर दिले, "आदी आमी दोगं दाराच्या एका बाजूला कवा व्हतो, ईनबाय!"

वेणूबाईने दार पुढे ओढले आणि कोयंडा चौकटीच्या भोकात होता तसा बसवून दिला. वर छप्पर नव्हते, खाली चौकट उरली नव्हती. कुलूप मात्र शाबूत होते.

मंडपात लक्ष्मण उठून बसला होता. तिने तिकडे वळून हात जोडले आणि नातवंडाकडे निघाली.