तोरिनोहून आलेले गृहस्थ

मे महिन्यात डॉक्टरांनी गास्पारेच्या रक्ताचा कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि तळलेलं, चरबीचं, साखरेचं सगळं बंद करायला सांगितलं. गास्पारेने मान डोलावली. आमच्या पालेर्मोत डॉक्टरांसमोर सगळेच मान डोलावतात आणि दवाखान्यातून थेट बाल्लारोच्या बाजारात जातात. पण गास्पारेची बायको नुन्झिया तो कागद घेऊन त्याच्या आधीच बाजारात पोचली होती.

नुन्झिया चौतीस वर्षं त्याच भागातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. बाजारातला प्रत्येक दुसरा दुकानदार तिच्या हातचा मार खाऊन पाढे शिकलेला. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक गाडीपुढे उभं राहून कागद दाखवला आणि सांगितलं की माझ्या नवऱ्याला इथून काही मिळालं तर मला कळेल. पन्नाशीला आलेले, मिशा पिकलेले बाप्ये "हो बाई" म्हणाले.

त्यानंतर गास्पारेला बाजारात मीठसुद्धा कुणी दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ उकडलेली भाजी. निवृत्त पोस्टमन माणूस, चाळीस वर्षं या गल्ल्यांतून पत्रं वाटली आणि प्रत्येक गल्लीत काहीतरी तोंडात टाकूनच पुढे गेला. आता तो गाड्यांसमोरून नुसता वास घेत फिरायचा, आणि दुकानदार दुसरीकडे बघायचे.

सप्टेंबरात एका शनिवारी त्याला एक गोष्ट दिसली. छत्री उंच धरून एक मुलगी पुढे चालली होती, मागे आठ-दहा पाहुणे होते, आणि प्रत्येक गाडीवर न मागता त्यांच्या हातात भरलेल्या बश्या येत होत्या. कुणाचं रक्त कसं आहे, हे कुणीही विचारत नव्हतं. गास्पारेने त्याच संध्याकाळी पुढच्या शनिवारच्या खाद्यसफरीत नाव नोंदवलं: इंजिनियर बोनेत्ती, मुक्काम तोरिनो. नुन्झिया शनिवारी सकाळी बहिणीकडे जायची. पार उत्तर इटलीतल्या तोरिनोला तो तरुणपणी वर्षभर लष्करात होता, त्यामुळे तिकडच्या लोकांसारखं नाकात बोलणं त्याला बऱ्यापैकी जमत होतं.

सफर दाखवणारी मुलगी आगाता मूळची सिसिलीच्याच दुसऱ्या टोकाच्या कातानियाची. गास्पारे तिच्यासमोर गवती टोपी, काळा चष्मा आणि गळ्यात कॅमेरा अशा थाटात हजर झाला. तिने यादीत खूण केली आणि सगळ्यांना घेऊन पहिल्या गाडीवर गेली. ती गाडी वीतोची होती.

वीतो बेसनाच्या पातळ वड्या तळतो. पानेल्ले म्हणतात त्यांना. त्याने बश्या वाटता वाटता टोपीखाली पाहिलं आणि त्याचा झारा हवेत थांबला.

"गास्पारेकाका?"

"माझी काही ओळख नाही आपल्याशी," गास्पारे नाकातून म्हणाला. "मी तोरिनोचा. हे पिवळं पिवळं काय आहे बुवा?"

हा शेवटचा प्रश्न त्याने नाटक पक्कं व्हावं म्हणून विचारला आणि तिथेच सगळं बिघडलं. गास्पारेकाका थाप मारू शकतो, हे वीतोला माहीत होतं. पण जन्मभर पालेर्मोत राहिलेला माणूस पानेल्ले बघून हे काय आहे असं विचारतो, याचा वीतोच्या मते एकच अर्थ होता. त्याच्या आजोबांचंही असंच झालं होतं. शेवटी शेवटी ते स्वतःच्या चपलांना नमस्कार करायचे.

वीतोचे डोळे भरून आले. बाईंची बंदी गास्पारेकाकांना होती. हा बिचारा तर गास्पारे उरलाच नव्हता. त्याने बशीत चारच्या जागी नऊ वड्या घातल्या, वर लिंबू पिळलं आणि "खा, सावकाश खा" असं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मंडळी पुढे सरकताच त्याने शेजारच्या मासेवाल्याला बोलावून घेतलं.

बाजारात बातमी पाहुण्यांपेक्षा जोरात चालते. कांदा-टोमॅटो घातलेला जाड पाव विकणाऱ्या बाईपाशी मंडळी पोचली तेव्हा ती आधीच पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावून उभी होती. तिने गास्पारेला पावाचा मधला, सगळ्यात लुसलुशीत तुकडा दिला आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. पुढच्या गाडीवर खुर्ची आली. त्याच्या पुढच्या गाडीवर पंखा घेऊन कुणीतरी मागे उभं राहिलं. आगाता चक्रावली. तीन वर्षं ती या बाजारात माणसं आणत होती, आणि तिला आजवर कुणी एक तीळ जास्त दिला नव्हता. तोरिनोच्या पाहुण्यांवर इथे इतकी माया असेल हे तिला ठाऊकच नव्हतं.

सुरुवातीला गास्पारेला हे सगळं फार आवडलं. चार महिन्यांची भूक होती. पण तिसऱ्या-चौथ्या बशीनंतर त्याला मागची कुजबुज ऐकू यायला लागली. फार चांगला माणूस होता, असं एक जण म्हणाला. होता. दुसऱ्याने सांगितलं, की पत्रं नेहमी उशिरा आणायचा, पण मन साफ. मासेवाल्याचं मत पडलं की मन साफ होतं खरं, पण माणूस चिकट. एवढ्या वर्षांत कधी कुणाला कॉफी पाजली नाही. हे तर सरळ सरळ खोटं होतं, निदान दोनदा तरी पाजली होती. पण तोरिनोच्या इंजिनियरने त्यावर काय बोलायचं? तो चावत राहिला. स्वतःच्या तेराव्याला जेवायला बसल्यासारखं त्याला वाटत होतं.

पाचव्या ठिकाणी भाताचे तळलेले गोळे आले. आगाताने एक गोळा हातात धरला आणि पाहुण्यांना सांगितलं, की हा आमचा सिसिलीचा प्रसिद्ध अरांचिनो.

आता हे पालेर्मोत चालत नाही. कातानियात तो अरांचिनो असेल, आमच्याकडे ती अरांचिना आहे आणि यावरून सख्खे भाऊ वेगळे राहिले आहेत. बाजारातले लोक आगाताला पोरगी म्हणून सोडून देत. गास्पारे आजवर तिच्या सफरीत नव्हता.

"ती," तो म्हणाला. आवाज नाकातून आला नाही, अस्सल पालेर्मोच्या पोटातून आला. "ती अरांचिना. तो नाही, ती. बाईमाणूस आहे ती."

मग मागोमाग आलेली पाववाली बाई हात जोडून म्हणाली, की आठवायला लागलं त्याला. माणसं गोळा झाली. एकाने त्याला त्याच्या आईचं नाव विचारलं. दुसऱ्याने फुटबॉलचा निकाल विचारला. गास्पारेला घाम फुटला. येताना गाडीत एका पुस्तकात वाचलं, असं त्याने पुन्हा नाकातून सांगितलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. त्याला स्वतःलाही वाईट वाटलं. खरं सांगून टाकावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं; पण खरं सांगितलं तर नऊ पानेल्ल्यांचा जाब द्यावा लागणार होता.

तोवर वीतोने नुन्झियाच्या बहिणीकडे फोन केला होता.

शेवटचा थांबा मिठाईच्या दुकानात होता. बाहेर टेबलं मांडलेली. नुन्झिया तिथे पोचली ती धापा टाकत, पायात बहिणीच्या चपला, केस सुटलेले. अर्धा बाजार तिच्या मागे होता. वीतोने तिला हलक्या आवाजात विनवलं, की बाई, त्याला रागावू नका, त्याला तुम्ही आठवणार नाही.

नुन्झिया टेबलापाशी उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. गास्पारेने तिला तसं याआधी एकदाच पाहिलं होतं, डॉक्टर तो कागद दुसऱ्यांदा वाचत होते तेव्हा. त्याला वाटलं, उठावं आणि तिचा हात धरावा.

मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. टोपी पाहिली. शर्टावरचे तेलाचे डाग पाहिले. कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढलेलंच नव्हतं, तेही पाहिलं. तिचा रंग हळूहळू परत आला. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात जे कळायचं ते तिला कळलं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं.

आगाताने विचारलं, "आपण यांना ओळखता का?"

"नाही," नुन्झिया म्हणाली. "मी बोलोन्याची. एक जागा रिकामी दिसतेय, बसू का?"

वीतो खोक्यावर मटकन बसला. मासेवाला हळूच म्हणाला, की हे साथीचं दिसतंय, आणि दोन पावलं मागे सरला.

नुन्झिया खुर्ची ओढून गास्पारेसमोर बसली. केस सारखे केले.

"इंजिनियरसाहेब, आपलं लग्न झालंय?" शेहेचाळीस वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं.

"झालंय."

"मग बाईंना नाही आणलंत?"

"तिला असलं खाणं आवडत नाही."

"असं त्या म्हणाल्या?"

गास्पारेला आठवेना. मे महिन्यापासून ती त्याच्यासमोर बसून त्याच्याइतकंच, तेच उकडलेलं खात होती. तिला डॉक्टरांनी काहीच सांगितलेलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "मी कधी विचारलं नाही."

"विचारायचं होतंत."

मिठाईवाल्याने रिकोटा चीज भरलेल्या दोन गोड कुरकुरीत नळ्या आणून ठेवल्या, एक त्याच्यापुढे, एक तिच्यापुढे. गास्पारेने आपली बशी तिच्याकडे सरकवली. ती नको म्हणाली नाही. तिने आधी आपली खाल्ली, मग त्याची खाल्ली, घाई न करता, बोटावरची साखरसुद्धा टिपून. गास्पारे बघत होता. तिला खाताना त्याने इतकं निवांत बघितलं नव्हतं. बाजारही बघत होता.

तिने तोंड पुसलं आणि आगाताला विचारलं, की पुढच्या शनिवारी सफर आहे का. आगाताने वही उघडली, आहे म्हणाली आणि विचारलं, दोन जागा लिहू का?

"एकच," नुन्झिया म्हणाली. "हे गृहस्थ आजच्या गाडीने तोरिनोला परत चाललेत. हो ना, इंजिनियरसाहेब?"

सगळा बाल्लारो कान देऊन उभा होता. इंजिनियरसाहेबांनी टोपी सारखी केली आणि नाकातून हो म्हटलं.