राजाच्या डोक्यावरचा क्रूस

भांडण मिटवण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मायचाय, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून हसायचं असेल तर खुशाल हसा, पण माझी नोकरी काय आहे ते लक्षात घ्या. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रार विभागात बसतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस लिफ्टमधला फोन उचलतो तेव्हा पलीकडे मी असतो. तो आधी कंपनीचा उद्धार करतो, मग माझा, मग रडकुंडीला येतो. मेकॅनिक पोहोचेपर्यंत मी त्याला असा काही थंड करतो की बाहेर पडल्यावर एकाने मला चक्क मुलीच्या लग्नाला बोलावलं होतं. तेव्हा घरातले दोन म्हातारे म्हणजे माझ्यापुढे किस झाड की पत्ती!

आमचं घर दोन मजल्यांवर आणि दोन धर्मांत पसरलेलं आहे. खाली मी, बायको आणि माझे अब्बा. बरोबर डोक्यावर बायकोचे पप्पा आणि आई. आम्ही मुसलमान, ते ख्रिस्ती. आमच्या लग्नात दोन्हीकडून जी काही आदळआपट व्हायची ती होऊन गेली आणि मग सगळे दमले. अब्बा आयुष्यभर शिंपीकाम केलेले, अजूनही खिडकीशी मशीन लावून बसतात. पप्पांनी छापखान्यात प्रूफं तपासण्यात जन्म घालवला. त्यांना साबणाच्या वेष्टणावरसुद्धा चूक सापडते.

अम्मी गेल्यावर अब्बा गप्प गप्प झाले होते. एके दिवशी पप्पा बुद्धिबळाचा पट काखेत मारून खाली आले आणि म्हणाले, "मास्तर, येतं का?" तेव्हापासून रोज दुपारी वरच्या गॅलरीत डाव. अब्बा पुन्हा दाढी नीट करायला लागले, नवी टोपी शिवली. त्या पटानं माझा बाप मला परत दिला असं मी मानतो, आणि यात थट्टा नाही.

तर हा पट मोडला. म्हणजे पट शाबूत होता, मोडला तो पांढरा राजा. त्याच्या डोक्यावर इवलासा क्रूस असतो, तो पप्पांच्या हातून पडून तुटला. पप्पा चष्मा कपाळावर चढवून डिंक शोधू लागले. अब्बा काळ्या घोड्यावर बोट ठेवून कंटाळले होते. ते सहज म्हणाले, "राहू द्या हो साहेब. नाहीतरी हजरत ईसा त्यावर गेलेच नव्हते."

पप्पांनी हाती लागलेली डिंकाची बाटली खाली ठेवली.

आता बघा, पैगंबर की देवाचा पुत्र हा भला मोठा प्रश्न दोघांनी शहाण्या माणसांसारखा कधी काढलाच नव्हता. बाकी दोघांचं जमत होतं. दोघांच्या मते ते मरियमचे पुत्र, दोघांच्या मते ते पुन्हा येणार. मतभेद काय तो मधल्या एका दुपारचा. पप्पा म्हणणार, त्या दुपारी ते क्रुसावर मरण पावले. अब्बा म्हणणार, मुळीच नाही, लोकांना तसं वाटलं फक्त, देवानं त्यांना आधीच वर उचललं होतं. पण त्या एका दुपारवरून यांच्या सगळ्या दुपारी बंद झाल्या.

अब्बा खिडकीशी बसून मशीन चालवायचे. मी जवळ जाऊन पाहिलं तर सुईत दोराच नव्हता. वर पप्पा एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते, आणि सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे हरत होते. दाढी पुन्हा वाढली. मला ते बघवेना.

"मी मिटवतो," मी बायकोला म्हणालो.

"तू यात पडू नकोस. ते काही लिफ्टमध्ये अडकलेले नाहीत."

"अगं, माझं रोजचं काम आहे हे."

"तुझ्या कामात पलीकडचा माणूस फोन ठेवून निघून जाऊ शकत नाही, म्हणून तुझं चालतं."

बायका नोकरीचं मोल ओळखत नाहीत. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

ऑफिसात आम्हाला एकदा प्रशिक्षण झालं होतं. टाय लावलेल्या एका बाईंनी सांगितलं होतं की भांडणाऱ्या दोघांना एकमेकांची बाजू मांडायला लावा, भांडण आपोआप विरघळतं. मी त्याच तोडग्यानं जायचं ठरवलं. दोघांना आमच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. दोघं एकमेकांकडे न बघता सोफ्याच्या दोन टोकांना बसले. मी म्हणालो, "येत्या रविवारी संध्याकाळी इथंच चर्चा. अब्बा, तुम्ही पप्पांची बाजू मांडायची. पप्पा, तुम्ही अब्बांची. जो समोरच्याची बाजू जास्त चांगली मांडेल तो जिंकला. पंच मी."

मला वाटलं होतं, कुरकुर करतील. पण "जिंकला" या शब्दाला दोघांचेही कान टवकारले. म्हातारी माणसं धर्म सोडणार नाहीत आणि डावही सोडणार नाहीत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ग्रंथांची देवाणघेवाण माझ्यामार्फत झाली. अब्बांनी वर निरोप धाडला, "हात धुऊन वाचायला सांग. आणि पेन्सिल घेऊन बसायचं नाही." पप्पांचा उलटा निरोप आला, "मास्तरांना म्हणावं, बोटाला थुंकी लावून पान उलटू नका." पप्पांनी हात धुतले. अब्बांनी तर त्यांच्या ग्रंथाला मऊ रेशमी अस्तर लावून कापडी वेष्टण शिवलं. मी कौतुकानं बायकोला म्हणालो, "बघ, विरघळतंय."

अब्बा पहिले दोन दिवस नुसते वाचत होते. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर दारातच त्यांनी मला पकडलं. "तुला माहीत आहे, त्यांचा अंगरखा बिनशिवणीचा होता? वरपासून खालपर्यंत सलग विणलेला! शिपायांनी तो फाडला नाही. चिठ्ठ्या टाकल्या."

"बरं मग?"

"बरं मग काय? खोटं रचणारा माणूस शिवणीकडे बघतो का? हे लिहिणारा तिथं उभा असणार. क्रूस नक्कीच होता. रविवारी साहेबांना अशी मात देतो बघ."

"पण साहेबांचंही तेच म्हणणं आहे ना, अब्बा?"

"रविवारी नाही," अब्बा म्हणाले आणि पुन्हा वाचायला बसले.

वर पप्पांचीही तीच गत. अब्बांच्या ग्रंथात मरियमवर एक आख्खा अध्याय आहे हे कळल्यावर ते हरखून गेले होते. मला म्हणाले, "इतकी वर्षं समोर बसतायत, मास्तर कधी बोलले नाहीत." मग आरशासमोर उभं राहून तालीम सुरू झाली. पप्पांचा आवाज भरदार आहे. छापखान्यात यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय.

इथपर्यंत सगळं माझ्या योजनेप्रमाणे होतं. फक्त मी ही योजना इतर कुणाला सांगितली नव्हती.

शनिवारी माझी आत्या आली. ती अब्बांची मोठी बहीण, पलीकडच्या रस्त्यावर राहते आणि दार न वाजवता आत येते. आत अब्बा खिडकीकडे तोंड करून, रेशमी अस्तराचा ग्रंथ छातीशी धरून, हात उंचावून म्हणत होते, "ते क्रुसावर गेले! मला आता तिळमात्र शंका नाही!"

आत्या आल्या पावली परत गेली. जाताना जिन्यात तिला सासूबाई भेटल्या, रडत खाली येणाऱ्या. त्यांनी नुकतंच न्हाणीघराच्या दारातून नवऱ्याला ऐकलं होतं. "कोण म्हणतं ते मेले? देवानं त्यांना जिवंत वर नेलं!" शिवाय सकाळपासून तो माणूस पुन्हा पुन्हा हात धूत होता. दोघी विहिणी कधी एकमेकींशी धड बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशी जिन्यात एकमेकींच्या गळ्यात पडल्या. भावानं धर्म सोडला आणि नवऱ्यानं धर्म सोडला, आणि दोघांनी एकमेकांचा धरला! संध्याकाळपर्यंत खालच्या औषधवाल्यानं मला डोकेदुखीची गोळी देता देता विचारलं, "अदलाबदल झाली म्हणे. मग आता तुम्ही कुठल्या बाजूला?" मी समजलो, तो रविवारच्या चर्चेबद्दल बोलतोय. म्हणालो, "मी पंच." तो फार आदरानं बघायला लागला.

रविवारी संध्याकाळी चर्चा सुरू झाली. ती कशी झाली म्हणून सांगू! माझा नमाजी बाप टेबलावर मूठ आपटून क्रुसाची साक्ष काढतोय. माझे सासरे, ज्यांनी आयुष्यात एक रविवार चुकवला नाही, ते उभे राहून म्हणतायत, "अशक्य! आपल्या पैगंबराला देव असा वाऱ्यावर सोडेल? साफ अशक्य!" आणि तेवढ्यात बेल वाजली.

मी दार उघडलं. दारात आत्या, आणि तिच्यामागे मशिदीतले मौलवीसाहेब. त्यांच्यामागे सासूबाई, आणि त्यांच्यामागे चर्चमधले फादर. दोघं सज्जन गृहस्थ एकाच जिन्यानं एकामागोमाग चढून आले होते आणि आता उंबरठ्यावर "आधी आपण", "छे छे, आपण" चाललं होतं. आतून अब्बांचा आवाज आला, "क्रूस खराच!" फादरांचा चेहरा उजळला. लगेच पप्पांचा आला, "क्रूस खोटा!" आता मौलवीसाहेबांचा उजळला आणि फादरांचा पडला. प्रत्येकाचा एक गेला होता आणि एक आला होता. दोघांनाही दुःख करावं की नाही कळेना.

मौलवीसाहेब आत येऊन हळू आवाजात अब्बांना म्हणाले, "मास्तर, या वयात हे काय?"

अब्बांनी वर पाहिलं. आत्याचा चेहरा पाहिला, आणि काय झालंय ते त्यांना कळलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी समोरचा ग्रंथ हळूच मिटला. आयुष्यात एक नमाज न चुकवलेला माणूस, आणि त्याची सख्खी बहीण त्याला असं समजली. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला काय सांगायचं हे मला पाठ आहे, पण त्यातलं एकही वाक्य इथं लागू पडेना.

बोलले ते पप्पा. "मौलवीसाहेब, हा माणूस बदलेल? अहो, नमाजाची वेळ झाली की याचा वजीर मरणाच्या दारात असला तरी हा पट सोडून उठतो. आमच्याच आतल्या खोलीत चटई पसरतो. मी बाहेर थांबतो. रोज थांबतो. प्यादंसुद्धा हलवत नाही. खरं सांगू? ग्रंथ खाली पाठवला तेव्हा माझ्या मनात आलं होतं, वाचून हा थोडा तरी हलेल. हलला नाही. याला काय सापडलं, तर बिनशिवणीचा अंगरखा!"

अब्बा खाकरले. मग फादरांकडे वळून म्हणाले, "आणि फादर, यांचीही खात्री मी देतो. हा गृहस्थ वजीर हलवायच्या आधी दरवेळी छातीशी हळूच क्रुसाची खूण करतो. त्यावरून तर मला त्याची चाल आधी कळते."

पप्पांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय म्हणालात?" पप्पांनी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझ्या प्रार्थनेवर डाव जिंकताय?"

"मी कधी तुम्हाला प्रार्थना करू नका म्हटलं का?"

"ते सगळे डाव रद्द! चला वर!"

"चला!" अब्बा उठून टोपी सारखी करू लागले. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा दिसत होता. मला हायसं वाटलं, आणि मी पंचाच्या नात्यानं निकाल जाहीर करायला घसा साफ केला.

तीच माझी चूक झाली.

"एक मिनिट," मौलवीसाहेब म्हणाले. "हे नाटक बसवलं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विनयानं मान झुकवली.

"तुम्ही शुक्रवारी दिसत नाही," मौलवीसाहेब म्हणाले.

"रविवारीही नाही," फादर म्हणाले. "म्हणजे, बायकोला सोडायला येतात, पण फाटकापासूनच पळतात."

"ऑफिस असतं," मी म्हणालो.

"रविवारी?"

"लिफ्ट कधीही बंद पडते, फादर."

मौलवीसाहेबांनी अब्बांना विचारलं, "मास्तर, आपल्या व्याह्यांची खात्री आपण इतक्या छातीठोकपणे दिलीत. यांची देता?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. कपडा मापाला अपुरा पडणार हे कळल्यावर गिऱ्हाइकाकडे जसं बघायचे, तसं. मग म्हणाले, "याची नाही देता येणार."

"साहेब, तुम्ही?" फादरांनी पप्पांना विचारलं.

"मीही नाही," पप्पा म्हणाले. "यात फार चुका राहिल्यात."

आत्यानं मान हलवली. सासूबाईंनी हलवली. मी आशेनं बायकोकडे बघितलं, तर ती चहा गाळत होती आणि गाळण्यातून नजर वर काढायला तयार नव्हती.

त्या दुपारी क्रुसावर नेमकं काय घडलं, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. अब्बा आपल्या जागी ठाम आहेत, पप्पा आपल्या. दोघं रोज वर खेळतात, आणि पप्पा आता प्रार्थना गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन, पाठ फिरवून उरकतात. पण माझ्याबद्दल दोन म्हातारे, दोन धर्मगुरू आणि दोन विहिणी यांचं एकमत व्हायला चहा गाळून होईपर्यंतचाही वेळ लागला नाही.

सगळे गेल्यावर बायको शेजारी येऊन बसली. मला वाटलं, आता टोमणा येणार.

"मिटवलंस रे बाबा," ती म्हणाली. आणि हे तिनं अगदी मनापासून म्हटलं, म्हणून मला त्यावर बढाईही मारता आली नाही.