पदासाठी नवा चेहरा

माणसाचा चेहरा ही त्याची खाजगी मालमत्ता असली, तरी तिचा वापर प्रामुख्याने इतर लोक करतात. मालकाच्या वाट्याला तो फक्त दाढीपुरता येतो. त्यामुळे चेहऱ्याच्या देखभालीचे निर्णय इतरांच्या सोयीने व्हावेत, हे न्यायाला धरूनच आहे.

माझा थोरला भाऊ एका विमा कंपनीत दावे विभागाचा उपप्रमुख आहे. दावा नामंजूर झालेल्या माणसाला समोर बसवून तसं सांगणं, हे त्याचं काम. निसर्गाने त्याला जणू त्याचसाठी घडवलं होतं. डोळ्यांखाली पिशव्या, गाल उतरलेले, ओठांची टोकं जमिनीकडे. दुकान जळालेला माणूस तावातावाने आत यायचा, दादाचं तोंड बघायचा आणि स्वतःसमोरचा पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवायचा. जाताना "तब्येतीला जपा साहेब" असंही सांगून जायचा. (या विभागात खुर्च्यांची मोडतोड सर्वांत कमी होते, असं वार्षिक अहवालात म्हटलं आहे. श्रेय खुर्च्यांना दिलं आहे.)

विभागप्रमुख निवृत्त झाले. ती जागा आता आपलीच, असं दादा धरून चालला होता. तेवढ्यात संचालकांनी सगळ्यांना एकत्र बोलावून जाहीर केलं, "या पदासाठी आम्हाला नवा चेहरा हवा आहे."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. पण दादाचं सगळं आयुष्य विम्याच्या अटी वाचण्यात गेलेलं. लिहिलंय तेवढंच खरं मानायची त्याला सवय. संचालकांनी नवा माणूस मागितलेला नव्हता, नवा चेहरा मागितला होता. अट पूर्ण करता येण्यासारखी होती.

वहिनीला सांगायचं नाही या बोलीवर त्याने मला क्लिनिकमध्ये बरोबर नेलं. तिथली फुलं खरी की खोटी ते कळत नव्हतं. बसलेल्या लोकांचंही तसंच. समुपदेशिका आल्या. त्यांचं वय अठ्ठावीस ते पंचावन्नच्या दरम्यान असावं.

"किती काळासाठी तरुण व्हायचंय?" त्यांनी विचारलं. पडद्यांचं कापड दाखवावं तसे त्यांनी प्रकार मांडले. ओठांत टोचायचं पातळ जेल, ते काही महिन्यांत उतरतं. गालांसाठी घट्ट जेल, ते वर्ष-दीड वर्ष चालतं. किंवा मग स्वतःच्याच पोटावरची चरबी काढून तोंडावर भरायची.

"म्हणजे अंतर्गत बदली," दादा म्हणाला. "नको. वशिल्याची वाटते."

"मग घट्ट जेल घ्या. आवडलं नाही तर विरघळवायचं इंजेक्शनही आहे."

"अपिलाची सोय आहे," दादा माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाला.

नमुना म्हणून एखादा फोटो आणलाय का, असं त्यांनी विचारलं. दादाने खिशातून स्वतःच्या लग्नातला फोटो काढला. समुपदेशिका बराच वेळ तो न्याहाळत राहिल्या.

"यात तुम्ही घाबरलेले दिसताय."

"ते वगळून बाकीचं द्या."

एरवी माणसाच्या अंगावर कौतुकाने मूठभर मांस चढतं. दादाच्या गालांवर ते सुईने चढवण्यात आलं. डॉक्टर थोडक्यात थांबणार होते, पण पदाचं नाव सांगून दादाने आणखी भरायचा आग्रह केला. विभागप्रमुखाला शोभेल एवढं तरी असावं ना.

घरी त्याने दाढ सुजल्याचं सांगितलं. "दोन्हीकडची?" असं वहिनीने एकदाच विचारलं. सूज उतरली आणि आतून दादाच्या वयाला न जुमानणारा एक टवटवीत गृहस्थ बाहेर आला. गाल वर, डोळ्यांखाली सपाटी, आणि सगळ्या चेहऱ्यावर नुकतीच आनंदाची बातमी ऐकल्याचं तेज.

त्याच तेजाने तो सोमवारी कामावर बसला. एका माणसाचं गोदाम पुरात गेलं होतं. दावा मंजूर होत नाही, हे दादाने त्याला नेहमीच्याच कळवळ्याने सांगितलं.

"माझं वाटोळं झालंय आणि तुम्ही हसताय?" तो माणूस ओरडला.

दादा हसत नव्हता. तो मनापासून वाईट वाटून घेत होता, पण गाल सहकार्य करत नव्हते. त्या आठवड्यात विभागातल्या खुर्च्यांची गुणवत्ता अचानक खालावली.

मुलाखतीला तो निश्चिंत होऊन गेला. संचालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कागदांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "उमेद दिसतेय," ते म्हणाले, "पण या पदावर आम्हाला आता अनुभवी हात हवा."

दादाने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. बाहेर पडताच त्याने समुपदेशिकांना फोन लावला. हातांतही भरता येतं, असं त्या म्हणाल्या, पण त्याने हात तरुण होतात. अनुभवी करण्याचं अजून बाजारात आलेलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी तिथेच होतो. वहिनीने दार उघडलं, त्याचं तोंड पाहिलं आणि आनंदाने ओरडली, "झालं ना काम? मला वाटलंच होतं!" तिने शेजारच्या काकूंना हाक मारली. काकू अभिनंदन करून गेल्यासुद्धा. दादा मध्येच "अगं, नाही मिळालं" म्हणाला, ते सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. मग तो खुर्चीत बसला आणि त्याच्या चकचकीत गालांवरून पाणी ओघळायला लागलं. गाल मात्र अजूनही खूशच होते.

वहिनीच्या हातातला चहा तसाच राहिला. "इतकी वर्षं मला तुझ्या तोंडावरून सगळं कळायचं," ती म्हणाली. "ऑफिसात काय झालं, भूक लागलीय का, माझ्यावर चिडलायस का. आता मी घरात कुणाबरोबर राहतेय तेच कळत नाही. दाढ म्हणे! मी इतकी खुळी वाटले का तुला?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

दुसऱ्या दिवशी तीच त्याला क्लिनिकमध्ये घेऊन गेली. इंजेक्शनं पुन्हा टोचली गेली आणि थोड्याच दिवसांत त्याचा चेहरा पडला. चेहरा इतका छान पडलेला मी कधी पाहिला नव्हता. वहिनीने त्याला उजेडात नेऊन नीट पाहिलं. "भूक लागलीय तुला," ती म्हणाली आणि ते बरोबर होतं. पद गेलं ते गेलंच. नवे विभागप्रमुख दुसऱ्या शाखेतून आले. त्यांचे हात कसे आहेत ते कुणी पाहिलेलं नाही, कारण ते खिशातच असतात.

ही हकीकत मी आतापर्यंत अनेकांना सांगितली आहे. सगळे हळहळले. दादा आता कसा आहे, असं एकानेही विचारलं नाही. प्रत्येकाने थोड्या वेळाने, सहज विषय निघाला असं दाखवून, त्या क्लिनिकचा पत्ता तेवढा विचारला.

म्हणून स्पष्ट लिहितो. पत्ता या गोष्टीत कुठेही दिलेला नाही. मागे जाऊन पुन्हा शोधू नका.