मालूकाकूंचा ग्रीकांवरचा राग

सोमवारी सकाळी भाऊकाकांना अर्धांगाचा झटका आला. ते वाचले, पण त्यांना बोलता, लिहिता-वाचता येईनासं झालं. त्यांनी लिहिलेल्या अठरा वह्या कपाटात होत्या. त्या मोडी लिपीत होत्या आणि घरात दुसऱ्या कुणाला मोडी येत नव्हती.

मालूकाकू चिडल्या त्या ग्रीकांवर.

किहीमला त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून. काकूंनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. काका अलिबागेत कोर्टाबाहेर बसून लोकांचे जमिनीचे जुने मोडी कागद वाचून द्यायचे. इस्पितळात वेळ जावा म्हणून प्राचीन ग्रीसवरचं पुस्तक मीच काकूंना नेऊन दिलं. तीन हजार वर्षांपूर्वी मायसिनीचे राजवाडे जळाले, राज्यं मोडली आणि पुढची तीन-चारशे वर्षं तिथले लोक लिहायचंच विसरले, इथवर वाचून त्यांनी पुस्तक असं मिटलं की नर्स दचकली.

"लिहायला विसरले? निष्काळजी मेले!"

ती राज्यं का बुडाली, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. कुणी भूकंप म्हणतं, कुणी दुष्काळ, कुणी समुद्रावरून आलेले लुटारू. काकूंना हे मुळीच पटलं नाही. "दहा पंडित, दहा कारणं!" तेवढ्यात डॉक्टर आले. काकूंनी त्यांना विचारलं, "यांना हे कशामुळे झालं?"

"बीपी, शुगर, शिवाय वय, थोडा ताणही असेल..."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. बसा."

डॉक्टर खरंच बसले.

काकांना घरी आणल्यावर गावाची पाळी आली. बोंबील घेऊन आलेल्या कोळणीला दारातच ऐकावं लागलं, "लिहायला कोणाला यायचं? राजवाड्यातल्या चार कारकुनांना! बाकी कुणाला शिकवलं नाही. वाडे जळले, कारकून गेले, संपलं!"

"मग माझ्यावर कशाला ओरडता, बाय? मी न्हाय जाळले त्यांचे वाडे. बोंबील घेताव का नाय?"

काकूंनी घेतले, पण रागातच.

त्यांना शांत करावं म्हणून मी एकदा म्हटलं, "काकू, पुढे शिकलेच की ते. परक्या व्यापाऱ्यांची अक्षरं उचलली, नव्यानं लिहायला लागले."

"चारशे वर्षांनी! मला आहेत का चारशे वर्षं?"

 मग कपाटाकडे बघत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून हे म्हणत होते, मालू, मोडी शिकवतो, महिन्यात येईल. मी म्हणायची, तुम्ही आहात ना वाचायला."

पुढच्या आठवड्यापासून एकाहत्तर वर्षांच्या काकू एसटीनं अलिबागला मोडीच्या वर्गाला जाऊ लागल्या. तिथल्या मास्तरांशी रोज भांडायच्या. परत आल्या की काकांच्या खाटेशेजारी वही उघडून बसायच्या. अक्षराला अक्षर चिकटलेलं, ओळ कुठे तुटते तेही कळायचं नाही. पहिलं पान लागायला पावसाळा गेला. त्या दिवशी त्यांनी मला कुंपणावरून हाक मारली आणि काकांसमोर ते वाचून दाखवलं.

"आज वारा फार. सुपारी वाळत घातली. मालू शाळेतून उशिरा आली, डोळे लाल. विचारावंसं वाटलं. विचारलं नाही."

काकूंनी वही खाली ठेवली आणि काकांवर ओरडल्या, "मग विचारायचं होतं की!"

काकांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डावा हात उचलून काकूंच्या डोळ्यांपर्यंत नेला. काकूंनी तो तिथेच धरून ठेवला. मी कुंपणाकडे परत निघालो.

काका फाल्गुनात गेले. वह्या अठरा आहेत. काकूंच्या सव्वादोन वाचून झाल्या आहेत.